रानअळंबी आणि पारा : घेणाऱ्याने काय पाहावे?

पावसाळ्यात अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातून रानातली अळंबी विकायला येते. आपल्या घरांतून तिला खुंबी म्हणतात. कोणी व्यापारी बांधव ती ताजी विकतो, कोणी वाळवून ठेवतो. यात पारा असतो काय, असे गिऱ्हाईकाने विचारले तर उत्तर जवळ असावे.

असतो, किती, ते जागेवर ठरते. भूछत्राचे खरे अंग म्हणजे जमिनीखालचे तंतूंचे जाळे. ते मातीतला पारा ओढते आणि तो वर छत्रीत साठतो, देठात कमी. स्लोव्हेनियातील इद्रिया गावी सुमारे पाचशे वर्षे पाऱ्याची खाण चालली. तिथल्या भूछत्रांत पारा फार आढळला. अकोल्याच्या डोंगरात अशी खाण नाही. मात्र उकिरड्यावर, जिथे फुटक्या ट्यूबलाइट नि थर्मामीटर टाकतात तिथे उगवलेली अळंबी आम्ही तरी घेणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2010 साली अन्नातील अकार्बनी पाऱ्याची मर्यादा घातली : शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 4 मायक्रोग्रॅम. अळंबीतला बहुतेक पारा याच जातीचा. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 240 मायक्रोग्रॅम. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा असलेली ताजी अळंबी आठवड्यात अर्धा किलो खाल्ली की मर्यादा भरली.

वाळवलेल्या मालाचा हिशेब निराळा. दहा किलो ताज्या मालाचा साधारण एक किलो सुका होतो. पाणी जाते, पारा राहतो. म्हणून प्रयोगशाळेचा दाखला हाती आला की आकडा ताज्या वजनावर आहे की सुक्या, हे आधी विचारावे. नाहीतर चांगला माल नाकारला जाईल किंवा वाईट गळ्यात पडेल.

खरी जिवावरची भीती विषारी जातींची आहे. ओळखणाऱ्याकडूनच घ्यावी, दोन ठिकाणचे ढीग मिसळू नयेत.

आमच्या झारेकरी आणि मुलामा देणाऱ्या कारागिरांना मात्र पारा ताटातून कमी, नाकातून जास्त जातो. सोने धरलेला पारा तापवला की वाफ होते. श्वासातल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के अंगात मुरते, तर पोटात गेलेला अकार्बनी पारा त्या मानाने थोडाच. हात कापणे, हिरड्या सुजणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना धंदा आधी सांगावा. हे काम राहत्या घरात, चुलीजवळ करू नये, आणि त्या परसातली भाजी किंवा अळंबी खाऊ नये.