वडिलांचं कर्ज आणि तुमचा धंदा : घरात कधीच न बोललेला हिशोब



कर्जावरचा व्हिडिओ आला की व्याजदर, सबसिडी, कागदपत्रं असे प्रश्न येतातच. पण एक प्रश्न वेगळा असतो. "प्रोजेक्ट रिपोर्ट तयार आहे, ऑर्डर आहेत, तरी बँकेची पायरी चढवत नाही." याच्या उलट काही जण असतात. कोणी उधार मागितलं की त्यांच्या तोंडून 'नाही' निघतच नाही. हिशोब येतो, माल चांगला आहे, मग अडतं कुठे?

बऱ्याचदा ते घरात अडतं. आजोबांची जमीन का गेली, वडील कुणाला जामीन राहिले, काकांचं दुकान का बंद झालं, हे घरात कोणी सांगत नाही. विषय निघाला की आई उठून आत जाते. मुलाला गोष्ट कळत नाही, पण भीती बरोबर कळते. आजचा विषय तोच आहे.

एक खरं उदाहरण

इंग्रजी लेखक चार्ल्स डिकन्स तुम्ही ऐकला असेल. फेब्रुवारी १८२४ मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याला बूट पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला लावलं. पगार आठवड्याला सहा शिलिंग. त्याच महिन्यात वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं. बेकरीवाल्याचं देणं थकलं होतं, साधारण चाळीस पौंड.

काही महिन्यांत वडील सुटले, पुढे मुलगाही कारखान्यातून बाहेर पडला. त्यानंतर आईवडिलांनी हा विषय घरात काढला नाही. डिकन्सनेही तो दाबून ठेवला. जॉन फॉर्स्टर या मित्राजवळ तो बोलला, पण वाचकांना ही हकिकत कळली ती १८७० मध्ये तो गेल्यावर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून.

आता त्याचे पैशाचे निर्णय बघा. तो श्रीमंत झाला, तरी काम थांबवेना. १८६७-६८ मध्ये तब्येत बिघडलेली असताना अमेरिकेत जाऊन जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले आणि सुमारे १९,००० पौंड कमावले. दोन वर्षांत, ५८ व्या वर्षी, तो गेला. वडील त्याच्या नावावर उधारी करत राहिले म्हणून १८४१ मध्ये त्याला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली, की यापुढे ही देणी माझी नाहीत. आणि त्याचा मुलगा वॉल्टर, जो सैन्यात नोकरीला भारतात आला होता, तो १८६३ मध्ये कलकत्त्यात वारला तेव्हा मागे कर्जच ठेवून गेला.

या सगळ्याचं कारण ते एकच बालपण, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तीन पिढ्यांच्या हिशोबात कर्ज पुन्हा पुन्हा येतं, एवढं मात्र दिसतं.

हे घडतं कसं?

इव्हान बोसोर्मेनी-नॉज नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९७३ च्या पुस्तकात एक कल्पना मांडली. ती दुकानदाराला लगेच पटेल. तो म्हणतो, प्रत्येक कुटुंबाची एक न दिसणारी खातेवही असते. कोणी कुणासाठी किती सोसलं, कुणाचं कुणाकडे येणं आहे, हे त्यात चढत जातं. आधीच्या पिढीची बाकी पुढची पिढी न कळत फेडत बसते. आपल्याकडे पितृऋण हा शब्द आहेच.

हे रक्तातून येतं असं समजू नका. लहान मूल घरातले चेहरे वाचतं. दारावर वसुलीवाला आला की "बाबा घरी नाहीत" असं सांगायला लावलेला मुलगा मोठेपणी बँकेचा फोनसुद्धा उचलत नाही. कारण माहीत असलं तर माणूस विचार करतो. कारण लपवलेलं असलं तर फक्त भीती उरते, आणि तिलाच आपण 'माझा स्वभाव' म्हणतो.

धंद्यात हे तीन रूपांत दिसतं

१. कर्जाचीच भीती. हातात ऑर्डर असूनही मशीन घेत नाही, भांडवलासाठी नातेवाइकांकडून हातउसने घेतो. कागद नसलेलं कर्ज चालतं, बँकेचं चालत नाही!

२. उधारीला नाही न म्हणणं. घराण्याचं नाव एकदा गेलेलं असतं, ते परत मिळवायचं असतं. मग गावभर माल उधार जातो.

३. आकडे लपवणं. तोटा झाला की बायकोला, नवऱ्याला, भागीदाराला सांगत नाही. म्हणजे पुढच्या पिढीसाठी नवं गुपित तयार होतं.

भीती आणि कायदा वेगळे करा

"बापाचं कर्ज मुलाच्या मानेवर" ही समजूत पक्की आहे. कायदा असा आहे : वारसाकडून वसुली होते ती मयताच्या जितक्या मालमत्तेचा त्याला वारसा मिळाला, तितक्यापुरती. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी, फक्त 'मुलगा म्हणून फेडणं तुझं धर्मकर्तव्य' एवढ्या आधारावर कोर्ट मुलगा, नातू, पणतू यांच्यावर कारवाई मान्य करत नाही.

पण दोन ठिकाणी सावध राहा. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर देणं तुमचंही आहे. आणि जमीन तारण असेल तर बोजा जमिनीबरोबर येतो. तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बघा. शंका असेल तर कागद वकिलाला दाखवा.

या आठवड्यात करायचं काम

- एका कागदावर तीन पिढ्या लिहा. प्रत्येक नावापुढे : धंदा काय, कर्ज कुणाचं, जामीन कुणाला, काय विकलं, कोणत्या साली.
- घरातल्या मोठ्या माणसाला निवांत वेळी विचारा. "कुणाची चूक होती?" असं नको. "तेव्हा नेमकं काय झालं होतं, आत्या?" असं विचारा. उत्तर नाही मिळालं तर ताणू नका, रकाना रिकामा ठेवा.
- स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. वडिलांच्या एकट्याच्या नावावरचं कर्ज त्यात नसतं. अनेकांना हे बघूनच हायसं वाटतं.
- पुढचा मोठा निर्णय घेताना दोन ओळी लिहा : आकडे काय सांगतात आणि मला भीती कशाची वाटते. दोन्ही एकच असतील तर थांबा. वेगळ्या असतील तर आधी आकड्यांचं ऐका.

शेवटचं एक. भीती दर वेळी खोटी नसते. वडील विश्वासावर जामीन राहिले आणि बुडाले असतील, तर 'कागद वाचल्याशिवाय सही नाही' हा त्यातून घेण्यासारखा नियम आहे. 'कधीच सही नाही' हा नियम मात्र धंदा वाढू देणार नाही. यातला कोणता नियम तुम्ही पाळताय ते ओळखा. आणि तुमच्या मुलांना धंद्याचा हिशोब, तोट्यासकट, त्यांना समजेल तसा सांगत जा.