एकच दिवस, तीन तारखा



परवा चौथीच्या वर्गात शिवरायांच्या राज्याभिषेकाचा पाठ चालू होता. एका मुलाने हात वर केला नि म्हणाला, "गुरुजी, राज्याभिषेक ६ जूनला झाला ना? मग आमच्या आळीत तिथीनं दुसऱ्याच दिवशी का करतात?" लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "६ नाही, १६ जून! माझ्या दादानं सांगितलंय." झाले! वर्गात चांगलीच जुंपली. जो तो दुसऱ्याला खोटे पाडू लागला.

खरे सांगू का? तिघेही बरोबर होते. ते कसे, ते आज पाहू.

आधी आपली तिथी घेऊ. तिथी चंद्रावरून ठरते. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात. सूर्याचे वर्ष मात्र सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणजे दरसाल ११ दिवसांचा फरक पडतो. तो साठत गेला तर दिवाळी भर पावसाळ्यात येईल! म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना धरतात. त्यामुळे सण ऋतू सोडत नाहीत, पण इंग्रजी तारखेशी तिथीचा मेळ दरसाल बसत नाही. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ही तिथी कधी जूनच्या आरंभी येते, कधी अखेरीस, तर कधी मे महिन्यातही येते.

आता ६ आणि १६ चे कोडे सोडवू. त्यासाठी जरा दूर, रोम शहरी जावे लागेल.

रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याने ख्रिस्तपूर्व ४५ पासून नवे कॅलेंडर सुरू केले. त्यात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. दर चार वर्षांनी ते सहा-सहा तास मिळून एक जादा दिवस यायचा. पण सूर्याचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काय हो? आपली मधली सुट्टीदेखील त्याहून मोठी असते! पण थेंबे थेंबे तळे साचे. सुमारे १२८ वर्षांत पुरा एक दिवस चुकायचा. सोळाव्या शतकापर्यंत वसंत ऋतूचा तो दिवस, जेव्हा रात्र नि दिवस सारखे असतात, कॅलेंडरात दहा दिवस मागे सरकला होता.

तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दुरुस्ती केली. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी लोक झोपले आणि दुसऱ्या दिवशी उठले ते १५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी! मधल्या दहा तारखा गाळल्या. वार मात्र मोडला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. पुन्हा चूक साठू नये म्हणून नियम केला, की शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते.

स्पेन आणि पोर्तुगाल या देशांनी हे लगेच मानले. इंग्लंडने मानले नाही. तिथे पोपचा हुकूम चालत नव्हता. म्हणून इंग्रज जुनेच कॅलेंडर धरून बसले.

आता परत आपल्या मुलखात या. साल १६७४. मुंबई इंग्रजांकडे. चौल पोर्तुगिजांकडे. आणि रायगडावर शिवराय सिंहासनावर बसत आहेत. गडावर मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर आहे. त्याच्या जुन्या कॅलेंडराने त्या दिवशी ६ जून. चौलच्या पोर्तुगिजांच्या नव्या कॅलेंडराने त्याच दिवशी १६ जून. आणि गडावरच्या पंचांगात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. सूर्य एकच उगवला, दिवस एकच. एका जिल्ह्याएवढ्या मुलखात त्याला नावे मात्र तीन!

इतिहासाच्या पुस्तकांत ६ जून ही जुन्या कॅलेंडराची तारीख रूढ झाली. आज रायगडावर तारखेनेही सोहळा होतो नि तिथीनेही. महाराजांच्या जन्मतारखेचेही असेच आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या कॅलेंडराची तारीख. नव्याने मोजली तर १ मार्च येते. पुढे कोणी वेगळी तारीख सांगितली तर भांडू नका. "कोणत्या कॅलेंडराने?" एवढेच विचारा.

इंग्लंडला शेवटी १७५२ साली शहाणपण आले. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर एकदम १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. कायदा इंग्रजांच्या साऱ्या मुलखाला लागू होता, म्हणजे मुंबईलाही. समुद्राच्या या बाजूला, करंजा बेटावर, तेव्हा मराठ्यांचा अंमल होता. मुंबईची तारीख अकरा घरे पुढे उडाली, इकडची तिथी होती तशीच चालत राहिली. आणि मधल्या खाडीची भरती-ओहोटी? तिला या कायद्याचा पत्ताही नव्हता!

पण माणसांचे तसे नसते. तारीख उडाली तर भाडे किती दिवसांचे द्यायचे? कर्जाची मुदत कधी संपली? म्हणून त्या कायद्यात लिहावे लागले, की देणे पुरे दिवस मोजूनच द्यायचे. इंग्लंडचे कराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, ते या बदलामुळेच.

जपानची गोष्ट तर मजेची आहे. तिथे १८७२ सालच्या बाराव्या महिन्याची २ तारीख संपली आणि दुसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३! पुढच्या वर्षी त्यांच्या जुन्या पंचांगात अधिक महिना येणार होता. म्हणजे सरकारला नोकरांचे तेरा पगार द्यावे लागले असते. ते वाचले! रशियात १९१८ साली ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी आला. म्हणून तिथल्या 'ऑक्टोबर क्रांती'चा दिवस नव्या कॅलेंडरात ७ नोव्हेंबरला येतो.

आपल्या देशानेही विचार केला. स्वातंत्र्यानंतर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात तेव्हा अनेक पंचांगे चालत होती. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सूर्यावर चालते, म्हणून १ चैत्र नेहमी २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ ला. मात्र सण आपण तिथीनेच पाळतो आणि कचेरीचा व्यवहार इंग्रजी तारखेने करतो.

मग यात कामाचे कोणते? जिथे जे उपयोगी ते. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ पासून रीतसर सुरू झाले. तिथे देशोदेशीची जहाजे लागतात. प्रत्येकाने आपापले पंचांग काढले तर माल उतरेल कधी? तिथे सर्वांची एकच तारीख हवी. पण होडी खाडीत लोटायची असेल तर आपले कोळीबाबा विचारतात, "आज तिथ कोणती?" अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढते. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला. हे इंग्रजी तारीख सांगू शकत नाही.

शेवटी घरातली गोष्ट. गावातल्या पुष्कळ आजोबांची जन्मतारीख १ जून लिहिलेली आढळते. सगळे एकाच दिवशी कसे जन्मले? आई सांगायची, "नारळी पुनवेच्या आदल्या रोजी झाला." शाळेच्या दाखल्यावर तारीख हवी असायची. मग शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहिला जाई. त्या एका ओळीत आजोबांचा खरा जन्मदिवस हरवून गेला.

तो अजून सापडू शकतो बरं का! घरी जा. आजी-आजोबांना विचारा, जन्म कोणत्या तिथीला, कोणत्या सणाच्या आसपास, कोणत्या साली. वहीत लिहून आणा. साल ठाऊक असेल तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. आपण ती वर्गात काढू. पण लवकर विचारा. सांगणारे माणूस गेले, की ते शोधायला कोणतेच कॅलेंडर उपयोगी पडत नाही.