भूरेखाकृती, आक्रे
ब्राझीलच्या पश्चिम टोकाकडील आक्रे राज्यात जमिनीत चर खोदून व निघालेल्या मातीचे बांध घालून निर्माण केलेल्या प्राचीन, भव्य भूमितीय आकृती. वर्तुळ, चौरस, चौरसात वर्तुळ अशी त्यांची रूपे असून काहींना सरळ, बांधबंदिस्त रस्ते जोडलेले आहेत. आकृतींचा व्यास सर्वसाधारणपणे १०० ते ३०० मी. असतो, चर ११ मी.पर्यंत रुंद व ४ मी.पर्यंत खोल आढळतात. बांध बहुधा चराच्या बाहेरच्या अंगास असतो. संरक्षक खंदक असता तर तो आतल्या बाजूस अपेक्षित होता. आतील जागेत घरगुती वापराच्या वस्तूही फारच थोड्या सापडतात. त्यामुळे ही वसतिस्थाने वा किल्ले नसून समारंभासाठी किंवा विधींसाठी प्रसंगोपात्त एकत्र जमण्याच्या जागा असाव्यात, असे बहुतेक संशोधक मानतात. बहुसंख्य आकृती गेल्या सु. दोन हजार वर्षांतील असून यूरोपीय लोक येण्यापूर्वीच त्यांचा वापर थांबला होता.

ओंदेमार दियास यांच्या सर्वेक्षणात १९७७ साली या आकृतींची पहिली नोंद झाली. पुढे १९८६ मध्ये पुराजीववैज्ञानिक आल्सेऊ रांझी यांना विमानातून अशीच एक आकृती दिसली. शोधाला खरा वेग मात्र २००० नंतर, उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे सर्वांना उपलब्ध झाल्यावर आला. २०१७ पर्यंत ज्ञात आकृतींची संख्या ४५० वर गेली. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला केवळ एक उथळ नाला दिसतो, त्याची चौकोनी बाजू वरूनच ध्यानात येते. अर्थात वरून दिसण्यासाठीही झाडी नाहीशी व्हावी लागते. गुरांच्या कुरणांसाठी गेल्या अर्धशतकात झालेल्या जंगलतोडीनेच या आकृती उघड्या पडल्या.

एवढी प्रचंड कामे करण्यासाठी प्राचीन लोकांनीही अरण्य सपाट केले असावे, असा तर्क यावरून सहज निघतो. आजच्या जंगलतोडीच्या समर्थनासही तो सोयीचा आहे. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याला छेद दिला. वनस्पतींच्या पेशींत साचून मातीत टिकून राहिलेले सिलिकेचे सूक्ष्म कण आणि कोळसा यांचे दोन स्थळी परीक्षण करण्यात आले. तेथे सु. सहा हजार वर्षे बांबूप्रधान अरण्य होते. विस्तीर्ण प्रदेश दीर्घकाळ उघडा पडल्याचा पुरावा मिळाला नाही. चर खोदण्यापुरती जागा तात्पुरती मोकळी करण्यात आली. उलट, ताडवर्गीय उपयुक्त झाडांचे प्रमाण सु. चार हजार वर्षांपूर्वीपासून वाढत गेलेले दिसते. म्हणजे लोकांनी अरण्य तोडण्याऐवजी आपल्या सोयीचे घडविले. ‘अस्पर्शित अरण्य’ ही कल्पनाही त्यामुळे टिकत नाही.

झाडीखालील जमिनीचे उंचसखलपण आता विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी मोजता येते. अशा मोजणीत ॲमेझॉन खोऱ्यातील सु. ५,३०० चौ. किमी. क्षेत्रात २४ नवी मातकामे सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यांवरून संपूर्ण खोऱ्यात अशी दहा हजारांहून अधिक मातकामे अद्याप दडलेली असावीत, असा अंदाज करण्यात आला. आक्रेतील भूरेखाकृती ब्राझीलने २०१५ साली यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदविल्या. तथापि त्यांपैकी अनेक खाजगी कुरणांत असून काहींमधून रस्ते गेले आहेत, तर काही नांगरटीने बुजत आहेत.