वाइन आस्वादन

वाइन आस्वादन म्हणजे वाइनचा रंग, गंध, चव आणि तोंडात जाणवणारा स्पर्श यांचे क्रमाने निरीक्षण करून तिचे वर्णन व मूल्यमापन करण्याची पद्धती होय. वाइन तयार करणारे, तिचा व्यापार करणारे आणि स्पर्धांचे परीक्षक ही पद्धती व्यवसायाचा भाग म्हणून वापरतात. हौशी रसिक ती घरी, मोजक्या मंडळींसह वापरतात. वाइन पिणे आणि वाइन चाखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पिण्याचा हेतू आनंद हा असतो, तर चाखण्याचा हेतू परीक्षण हा असतो. त्यामुळे आस्वादनात वाइन बहुधा गिळली जात नाही.

घरगुती आस्वादनात पांढरी, गुलाबी, लाल, फेसाळ व गोड अशा निरनिराळ्या प्रकारच्या वाइन एकाच बैठकीत येतात. अशा संमिश्र संचाचे न्याय्य परीक्षण करणे व्यावसायिक परीक्षणापेक्षा काही बाबतींत कठीण असते, कारण एका वाइनची चव पुढच्या वाइनच्या चवीवर परिणाम करते आणि बाटली, किंमत व सोबत्यांचे मत यांचा प्रभावही निर्णयावर पडतो. आस्वादनाचे बहुतेक नियम हे प्रभाव कमी करण्यासाठीच निर्माण झाले आहेत.

पूर्वतयारी

वाइनची प्रमाणित बाटली ७५० मिलिलिटरची असते. चाखण्यासाठी एका व्यक्तीला सुमारे ५० मिलिलिटर वाइन पुरते; म्हणजे एका बाटलीत १५ जणांची सोय होते. घरगुती बैठकीत पाच ते सहा वाइन ठेवणे योग्य मानले जाते. त्याहून अधिक वाइन असल्यास नाक व जीभ थकतात आणि अखेरच्या वाइनवर अन्याय होतो.

पेला पारदर्शक, रंगहीन, दांड्याचा आणि तोंडाशी किंचित निमुळता असावा. निमुळत्या तोंडामुळे गंध पेल्यातच साठून राहतो आणि दांडा धरल्यामुळे हाताची ऊब वाइनला लागत नाही. सर्व वाइनसाठी एकाच आकाराचे पेले वापरणे आवश्यक असते. अन्यथा पेल्यांतील फरक वाइनमधील फरक म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. पेल्याला साबणाचा किंवा कपाटाचा वास राहिलेला नाही, हे आधी तपासतात. त्याच कारणाने अत्तर, उदबत्ती आणि स्वयंपाकघरातील फोडणी यांचे वास बैठकीपासून दूर ठेवले जातात.

तापमानाला विशेष महत्त्व आहे. फेसाळ वाइन साधारणतः ६ ते १० अंश सेल्सिअस, हलकी पांढरी व गुलाबी वाइन ७ ते १३ अंश आणि भरीव लाल वाइन १५ ते १८ अंश तापमानाला चाखतात. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांमध्ये रूढ झाला. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३० अंशांच्या पुढे जाते. त्या तापमानाला वाइनमधील अल्कोहोलचा उग्र वास वर येतो आणि फळांचा गंध झाकोळतो. म्हणून येथे लाल वाइनही काही वेळ शीतकपाटात ठेवावी लागते. उलटपक्षी, शीतकपाटातून थेट काढलेली पांढरी वाइन अतिथंड असल्याने तिचा गंध दबलेला असतो. ती काही मिनिटे बाहेर ठेवून मग चाखतात.

चाखण्याचा क्रम

संमिश्र संचात क्रम चुकल्यास चांगली वाइनही फिकी भासते. सर्वसाधारण नियम हलक्याकडून भरीवाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे जाण्याचा आहे. (वाइनच्या संदर्भात ‘कोरडी’ म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी.) त्यानुसार प्रथम फेसाळ, नंतर हलकी पांढरी, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली पांढरी, गुलाबी, हलकी लाल, भरीव लाल आणि शेवटी गोड वाइन असा क्रम लावतात. उदाहरणार्थ, नाशिक परिसरात पिकणाऱ्या द्राक्षांच्या वाइनचा संच असल्यास सोव्हिन्यों ब्लांक आधी, शिराझ नंतर आणि उशिरा खुडलेल्या शेनिन ब्लांकची गोड वाइन सर्वांत शेवटी येते. गोड वाइन आधी घेतल्यास तिच्यानंतरची कोरडी वाइन आंबट लागते. पेढा खाऊन चहा प्यायल्यावर चहा अगोड लागतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

दोन वाइनच्या मध्ये साध्या पाण्याने तोंड स्वच्छ करतात व बिनमसाल्याचा पाव किंवा बिस्किट खातात. चीज, खारवलेले काजू, फरसाण यांसारखे पदार्थ परीक्षण संपल्यावरच द्यावेत, कारण मीठ व स्निग्धांश वाइनचा तुरटपणा सौम्य करतात आणि सामान्य वाइनही चांगली भासू लागते.

निरीक्षणाच्या पायऱ्या

पहिली पायरी पाहण्याची. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग व स्वच्छता पाहतात. वय वाढते तशी पांढरी वाइन गडद, सोनेरी होत जाते. लाल वाइन मात्र फिकी होऊन कडेला विटकरी छटा धारण करते. पेला फिरवल्यावर काचेवरून ओघळणारे थेंब वाइनच्या दर्जाचे लक्षण आहेत, हा समज चुकीचा आहे. अल्कोहोल व पाणी यांच्या पृष्ठताणातील फरकामुळे ते तयार होतात. यास मरांगोनी परिणाम म्हणतात.

दुसरी पायरी वास घेण्याची. प्रथम पेला न हलवता आणि नंतर गोल फिरवून वास घेतात. फिरवल्याने वाइनचा हवेशी संपर्क वाढतो आणि सुगंधी द्रव्ये बाहेर पडतात. पहिला ठसा सर्वांत स्पष्ट असतो. वारंवार हुंगल्यास नाक त्या वासाला सरावते.

तिसरी पायरी चाखण्याची. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवतात. गोडी, आंबटपणा, कडवटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब आणि भरीवपणा यांची स्वतंत्र नोंद करतात. आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटते. तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे. द्राक्षाची साल, बिया आणि पिंपाचे लाकूड यांतील टॅनिनमुळे जिभेला व हिरड्यांना कोरडेपणा येतो. सुपारी, कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर असाच अनुभव येतो. ज्याला सामान्यतः ‘चव’ म्हटले जाते तिचा मोठा भाग हा घशाच्या मागून नाकात पोहोचलेला गंध असतो. नाक चिमटीत धरून घोट घेतल्यास हे लगेच पटते. घोट थुंकल्यानंतर किंवा गिळल्यानंतर सुखद चव किती काळ रेंगाळते, ही शेवटची नोंद होय.

गंधांची भाषा

वासाचे वर्णन करण्यासाठी शब्द अपुरे पडतात, ही जुनी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात ‘गंधचक्र’ तयार केले. त्यात फळे, फुले, मसाले, वनस्पती, लाकूड इत्यादी गट मधोमध आणि त्यांचे नेमके प्रकार बाहेरच्या वर्तुळात मांडलेले आहेत.

हे शब्द केवळ कल्पनाविलास नसतात. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये जाणवणारा ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन या द्रव्यवर्गामुळे येतो आणि हेच द्रव्य मिरचीतही असते. शिराझमधील मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा असून मिऱ्यातही ते आढळते. ओकच्या पिंपातून वाइनमध्ये उतरणारे युजेनॉल हे लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य आहे. काही ताज्या वाइनमध्ये पिकलेल्या केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटमुळे.

प्रचलित शब्दसूचींमधील अनेक फळे युरोपातील आहेत. ब्लॅककरंट किंवा गूजबेरी कधी न चाखलेल्या व्यक्तीला त्या शब्दांतून काहीच बोध होत नाही. वर्णनाचा उपयोग आठवणीत असलेल्या वासाशी तुलना करण्यासाठी असल्याने पेरू, लिची, करवंद, जांभूळ, वेलदोडा, ओला नारळ, पावसात भिजलेली माती असे परिचित शब्द वापरणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. मात्र एका व्यक्तीने वापरलेला शब्द त्या बैठकीपुरता सर्वांना समजला पाहिजे.

दोष ओळखणे

दोष ओळखणे हा आस्वादनाचा पायाभूत भाग आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा दमट तळघरासारखा वास बुचातील ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या द्रव्यामुळे येतो. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके अत्यल्प प्रमाणही जाणवू शकते. सफरचंदाची फोड उघडी राहून तांबूस पडावी तसा वास हवेच्या अतिसंपर्काचा निदर्शक असतो. व्हिनेगरसारखा किंवा नखरंग पुसण्याच्या द्रवासारखा वास जिवाणूंच्या वाढीमुळे येतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असून पेला फिरवल्यावर तो कधीकधी उडून जातो. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला लागलेले काचेसारखे स्फटिक हा दोष नव्हे. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

मूल्यमापन व गुणांकन

दर्जा ठरवताना साधारणपणे चार निकष लावले जातात : समतोल, चव रेंगाळण्याचा काळ, गंधाची तीव्रता आणि व्यामिश्रता. गोडी, आंबटपणा, तुरटपणा व अल्कोहोल यांपैकी एकही घटक इतरांवर कुरघोडी करत नसेल, तर वाइन समतोल मानली जाते. संख्यात्मक गुणांसाठी डेव्हिस येथे विकसित झालेली २० गुणांची पद्धती आणि अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी लोकप्रिय केलेली १०० गुणांची पद्धती प्रसिद्ध आहेत. पार्कर यांच्या पद्धतीत गुणांची सुरुवात शून्यापासून न होता ५० पासून होते.

संमिश्र संचात फेसाळ वाइनची तुलना भरीव लाल वाइनशी करणे असमर्पक असते. प्रत्येक वाइन तिच्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे का, असा प्रश्न विचारावा लागतो. तसेच दर्जा आणि आवड यांचे रकाने वेगळे ठेवले जातात. तुरट वाइन न आवडणारी व्यक्तीही ती निर्दोष व समतोल असल्याचे मान्य करू शकते. आणि साधी वाइन मनापासून आवडण्यात काहीही गैर नाही.

पूर्वग्रह आणि झाकून चाखणे

वाइनविषयी आधीच असलेली माहिती चवीवर किती परिणाम करते, याचे अनेक पुरावे आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात ५४ जणांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून देण्यात आली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. २००८ मधील एका अमेरिकन अभ्यासात एकच वाइन कधी १० डॉलर, तर कधी ९० डॉलर किमतीची म्हणून देण्यात आली आणि महाग सांगितल्यावर ती अधिक आवडली. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन तीन वेळा दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १० टक्केच परीक्षकांना तिन्ही वेळा जवळपास समान गुण देता आले.

झाकून चाखण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये घडले. ब्रिटिश वाइन व्यापारी स्टीव्हन स्पुरिअर यांनी आयोजित केलेल्या या परीक्षणात फ्रेंच परीक्षकांनी, नावे ठाऊक नसताना, पांढऱ्या व लाल या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला प्रथम क्रमांक दिला. तोवर फ्रेंच वाइनची श्रेष्ठता निर्विवाद मानली जात होती.

घरी हीच पद्धती सहज वापरता येते. चाखण्यात भाग न घेणारी व्यक्ती बाटल्या कागदी पिशवीत गुंडाळून त्यांना क्रमांक देते. प्रत्येक जण आपली नोंद न बोलता लिहितो आणि सर्वांच्या नोंदी पूर्ण झाल्यावरच चर्चा होते. कारण पहिल्याने ‘व्हॅनिला’ म्हटले की इतरांनाही तोच वास येऊ लागतो. एकच वाइन दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवल्यास आपले गुण कितपत स्थिर आहेत, हे परीक्षकाला स्वतःच कळते. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच वाइन ओतून वेगळा पेला ओळखण्याची ‘त्रिकोण चाचणी’ही उपयुक्त आहे. तीत निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक असते. त्यामुळे सहा जणांपैकी दोघांना वेगळा पेला ओळखता आला, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

आरोग्य व कायदा

बहुतेक वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ११ ते १५ टक्के असते. १३ टक्क्यांच्या सहा वाइन प्रत्येकी ५० मिलिलिटर गिळल्यास शरीरात सुमारे ३१ ग्रॅम अल्कोहोल जाते. त्याने निर्णयशक्तीही मंदावते. म्हणूनच व्यावसायिक परीक्षक प्रत्येक घोट पिकदाणीत थुंकतात. घरी त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र भांडे दिले जाते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मांडली आहे. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात मद्याची विक्री, बाळगणे व सेवन यांचे नियमन महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये होते.

आस्वादनाचे मूळ कौशल्य मद्याविनाही आत्मसात करता येते. लिंबाच्या रसाचे वेगवेगळ्या प्रमाणातील पाणी आंबटपणासाठी, बिनदुधाचा थंड कोरा चहा तुरटपणासाठी, साखरेचे पाणी गोडीसाठी आणि झाकलेल्या वाट्यांतील मसाले गंधासाठी वापरून हा सराव केला जातो. चहा, कॉफी, मध व तेल यांच्या परीक्षणातही हीच तत्त्वे लागू पडतात.