खाण, वीज आणि मधले फाटक

चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र चालवणारी महानिर्मिती आणि बल्लारपूर, माजरीच्या कोळसा खाणी चालवणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), दोघींचे खरेदी-हिशेब 'एसएपी' या ईआरपी प्रणालीवर चालतात. अशा प्रणालीशी बाहेरच्या संगणकाने थेट बोलू नये, म्हणून मध्ये सुरक्षित प्रवेशद्वार ठेवता येते. एसएपीचे स्वतःचे द्वार म्हणजे 'एसएपी राउटर'. ते सहसा ३२९९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. त्याच्याजवळ परवानगीचा तक्ता असतो: कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या सर्व्हरपर्यंत, कोणत्या पोर्टने. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर यादीतली नावे तपासतात, तसेच हे. तक्ता वरून खाली वाचला जातो. पहिली जुळणारी ओळ निर्णायक. काहीच जुळले नाही तर नकार. सर्वांत घातक सवय म्हणजे घाईत 'सगळ्यांना, सगळीकडे' अशी सरसकट परवानगी लिहिणे. २०२२ मध्ये एसएपीला नेमक्या अशाच ओळींमुळे उघडी पडणारी त्रुटी दुरुस्त करावी लागली. फायरवॉल मात्र हवीच. राउटर तिची जागा घेत नाही. प्रणालीच्या नोंदीही (लॉग) जपाव्याच लागतात: सायबर सुरक्षेची राष्ट्रीय संस्था असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार त्या १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे.