हाडांच्या मापाने: चित्रपटातील डायनोसॉरच्या पुतळ्याची पारख

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ज्युरासिक पार्क' १९९३ साली प्रदर्शित झाला, तेव्हापासून डायनोसॉर हे विज्ञानकथापटातील एक पात्र म्हणून जगभर ओळखीचे झाले आणि त्या पात्राचे मर्यादित संख्येत काढलेले, तळाशी क्रमांक घातलेले किमती पुतळे जमवणारा संग्राहकवर्गही उभा राहिला. यंत्रमानव किंवा परग्रहवासी यांच्या पुतळ्याची पारख करताना पडद्यावरील रूप हाच अखेरचा पुरावा असतो, कारण पडद्याबाहेर ते कधी अस्तित्वातच नव्हते. डायनोसॉर मात्र चित्रपटाच्या कित्येक कोटी वर्षे आधी जमिनीवर वावरत होता आणि त्याच्या हाडांची साक्ष आजही काढता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत ही साक्ष विशेष जवळ आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा व डोंगरगाव आणि सिरोंचा तालुक्यातील कोटा व पोचमपल्ली या गावांची नावे जगातील जीवाश्मशास्त्राच्या ग्रंथांत कायमची नोंदली गेली आहेत. त्यामुळे या भूमीशी परिचय असलेल्या पारख्याने पुतळ्याला चित्रपटाची कसोटी तर लावावीच, परंतु हाडांची कसोटी त्याहून अधिक कसून लावावी.

पहिली तपासणी मात्र वस्तूची, म्हणजे ती कशाची आणि कशी घडली याची असते. महागडे पुतळे बहुधा राळेत दगडाची भुकटी मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात. या मिश्रणाला व्यापारात पॉलीस्टोन म्हणतात, ते हाताला जड व थंड लागते आणि पडल्यास ठिसूळपणे फुटते. स्वस्त पुतळे पीव्हीसी या मऊ प्लास्टिकचे असतात आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४६ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीतील कपाटात ठेवलेल्या अशा पुतळ्याचे सारे वजन पेलणारे पाय हळूहळू वाकतात आणि दोन पायांवर उभा असलेला प्राणी पुढे कलू लागतो. म्हणून पुतळा सपाट काचेवर ठेवून, डोळा पृष्ठभागाच्या पातळीवर आणून, चारही बाजूंनी त्याचा तोल पाहणे आवश्यक ठरते. त्यानंतर साच्याचे दोन भाग जिथे जुळले ती रेघ घासून काढली आहे की नाही, ओतताना अडकलेल्या हवेचे बारीक खड्डे बोटांच्या बेचक्यांत व जबड्याच्या आतल्या बाजूस राहिले आहेत काय, आणि अतिनील दिव्याखाली एखादी जागा भोवतालापेक्षा वेगळी चमकते काय, हे पाहावे. कारण मागाहून लावलेला गोंद आणि रंग त्या प्रकाशात बहुधा वेगळे उठून दिसतात. मूळ पुतळ्यावरूनच साचा घेऊन काढलेली चोरटी प्रत ओळखण्याचा मार्ग मोजमापाचा आहे. राळ घट्ट होताना किंचित आकसते, त्यामुळे प्रत मूळ वस्तूपेक्षा थोडी लहान भरते आणि कातडीवरील खवल्यांच्या कडा बोथट होतात.

चित्रपटाशी इमान ही पुढची कसोटी होय. तिचे मूळ चित्रपटातील यांत्रिक प्राणी घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत आहे, जिथे टायरॅनोसॉरसचे शिल्प आधी एक पंचमांश मापात घडवले गेले आणि त्यावरून हलणारा पूर्णाकृती यांत्रिक प्राणी उभारला गेला. संग्राहकाच्या पुतळ्यातील भुवयांचा उंचवटा, दातांची असमान रांग व कातडीचा पोत त्या शिल्पाशी जुळतात की नाहीत, एवढेच या टप्प्यावर पाहायचे असते. येथे शास्त्राचा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. चित्रपटातील डायलोफोसॉरसच्या मानेभोवती उघडणारी झालर आणि त्याची विषारी थुंकी यांना कोणत्याही हाडाचा आधार नाही, आणि अॅरिझोनात सापडलेला खरा प्राणी पडद्यावरील प्राण्यापेक्षा बराच मोठा, सुमारे सात मीटर लांबीचा होता. तरीही त्या पात्राचा पुतळा झालरीवाचून काढला, तर तो त्या पात्राचा पुतळा राहत नाही. व्हेलॉसिरॅप्टरचेही तसेच आहे. मंगोलियातील खरा प्राणी शेपटीसह जेमतेम दोन मीटर लांब होता आणि त्याच्या हातांना पिसे होती हे २००७ साली हाडावरील पिसांच्या खुणांवरून सिद्ध झाले, पण चित्रपटातील रूप त्याआधीच ठरून गेले होते. पारख्याने आपल्या टिपणात चित्रपटाशी इमान आणि हाडांशी इमान या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात, एकीची त्रुटी दुसरीच्या नावावर टाकू नये.

हाडांची कसोटी खरी रंगते ती लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या, म्हणजे सॉरोपॉड गटातील प्राण्यांच्या पुतळ्यांत, आणि या दोन जिल्ह्यांची मोठी देणगी नेमकी याच गटातील आहे. सिरोंचा तालुका अद्याप जुन्या चांदा जिल्ह्यात होता त्या काळी, १९६०च्या सुमारास, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी पोचमपल्लीजवळ सुमारे तीनशे हाडांचा साठा उकरून काढला. किमान सहा प्राण्यांची ही हाडे मोठमोठ्या अश्मीभूत वृक्षखोडांच्या संगतीत पडलेली होती, आणि पुराच्या लोंढ्याने प्राणी व झाडे एकत्र वाहून आली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९७५ साली या प्राण्याचे बारापासॉरस टागोरी असे नामकरण झाले. उत्खननाच्याच काळातले १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या (टागोरांच्या) जन्मशताब्दीचे वर्ष होते, त्याची ती आठवण. पुढे अनेक प्राण्यांची हाडे जुळवून उभारलेला त्याचा सांगाडा संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. परंतु या प्राण्याची कवटी मिळालेली नाही, मिळाले ते केवळ काही सुटे, चमच्याच्या आकाराचे दात. याचा अर्थ असा की बारापासॉरसच्या कोणत्याही पुतळ्याचे डोके नातेवाईक प्राण्यांवरून केलेले अनुमान असते. ते अनुमान चुकीचे ठरवता येत नाही, मात्र ते दातांशी सुसंगत आहे की नाही एवढे तपासता येते: असे रुंद दात बसतील इतका जबडा भक्कम हवा, आणि गाल फुगवून, तोंड हलवत गाईसारखे रवंथ करणारा प्राणी दाखवला असेल तर ती चूक धरावी, कारण सॉरोपॉड पाला ओरबाडून गिळत, चावत नसत. चित्रपटातील ब्रॅकिओसॉरस चावताना दिसतो, आणि अनेक पुतळ्यांत ती मुद्रा तशीच उतरली आहे.

डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात त्याच संस्थेच्या सोहन जैन यांनी काढलेला सांगाडा याहून पुष्कळ नंतरच्या, क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरच्या प्राण्याचा आहे. १९९७ साली त्याचे वर्णन टायटॅनोसॉरस कोलबर्टी या नावाने झाले आणि २००३ साली विल्सन व अपचर्च या जीवाश्मशास्त्रज्ञांनी त्याला इसिसॉरस हे स्वतंत्र नाव दिले, ज्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. मान, पाठ, कटी व शेपटीचे मणके, फासळ्या आणि डावा पुढचा पाय मिळाला. कवटी, मागचे पाय व पावले मिळाली नाहीत. त्याच्या दंडाचे हाड १४८ सेंटीमीटर भरते. पुतळा एकास चाळीस या प्रमाणाचा असल्याचे सांगितले जात असेल, तर खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागातील त्या हाडाला ३.७ सेंटीमीटर जागा मिळालीच पाहिजे. एवढ्या एका मापाने पुष्कळ पुतळ्यांचे पितळ उघडे पडते. या प्राण्याची मान गटाच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय लांब होते, तरी काही घडवणारे साठवणीतले लांब मानेचे शरीर घेऊन त्याला केवळ नवे नाव चिकटवतात, आणि असे करणे हा प्राण्यावरचा अन्याय आहे. मागच्या पायांची उंची मात्र अनुमानाची असल्याने पाठीचा उतार थोडा कमीअधिक असला तरी गुण कापू नयेत.

पुतळा ज्या तळावर उभा असतो त्या देखाव्याकडे संग्राहक क्वचितच पाहतात. वास्तविक अज्ञान तिथेच सर्वांत आधी दिसते. पिसदुऱ्याच्या जमिनीत डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि २००५ साली वनस्पतींच्या जीवाश्मांच्या अभ्यासक वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत गवताच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण सापडल्याचे जाहीर केले, त्यामुळे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात गवत उगवले होते हे चंद्रपूरच्या मातीनेच जगाला दाखवले. इसिसॉरसच्या पायाखाली गवताची पाती कोरलेली असतील तर ती अभ्यासाची खूण मानता येते. बारापासॉरसच्या पायाखाली मात्र तीच पाती चूक ठरतात, कारण त्याची हाडे ज्या कोटा येथील थरांत मिळाली ते पुष्कळ आधीच्या ज्युरासिक काळाचे असून त्यात सूचिपर्णी व सायकस वर्गातील झाडांचे अवशेष मिळतात, गवताचे नव्हे. आडवे पडलेले एखादे जाड खोड तिथे अधिक शोभून दिसते, कारण हाडांजवळ खोडे खरोखरच पडलेली होती.

शेवटची तपासणी शरीराच्या भरीवपणाची असते, आणि तिची रीत ज्यांच्या नावाने इसिसॉरसची जात ओळखली जाते त्या एडविन कोलबर्ट या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९६२ साली वापरली होती. प्रमाणबद्ध प्रतिकृती पेटीत ठेवून तिच्याभोवती वाळू भरावी, प्रतिकृतीवाचून पेटीत किती वाळू मावते ते वेगळे मोजावे, दोहोंतील फरक म्हणजे प्रतिकृतीचे घनफळ. त्याला प्रमाणाच्या घनाने गुणले की जिवंत प्राण्याचे घनफळ निघते. रंगवलेल्या किमती पुतळ्यासाठी वाळूऐवजी मोहरीसारखा गुळगुळीत दाणा बरा, म्हणजे रंगावर चरे उठत नाहीत. तळ आणि आधाराचे दांडे मात्र आधी वेगळे करावे लागतात. एकास चाळीस प्रमाणाच्या पुतळ्याचे घनफळ २०० मिलिलिटर भरले, तर ६४,००० ने गुणून १२,८०० लिटर येते, म्हणजे शरीर पाण्याइतके घन मानल्यास सुमारे १२.८ टन वजन. पुतळा तिन्ही दिशांनी दहा टक्के अधिक जाड घडवला तर हेच वजन एक तृतीयांशाने वाढते, म्हणून पोटाचा घेर डोळ्यांनी ठरवून चालत नाही. कोलबर्ट यांच्या मोजणीत ब्रॅकिओसॉरसचे वजन ७८ टनांच्या वर गेले होते, तर नंतरचे बहुतेक अंदाज त्याहून पुष्कळ खाली आले. त्यांची प्रतिकृती फार लठ्ठ होती हे त्याचे एक कारण, आणि सॉरोपॉडांच्या मणक्यांत व छातीत पक्ष्यांप्रमाणे हवेच्या पोकळ्या होत्या हे दुसरे. त्यामुळे काढलेल्या आकड्यातून पोकळ्यांसाठी दहा ते वीस टक्के वजा करून मगच तो प्रसिद्ध अंदाजाशी ताडावा, आणि तरीही आकडा दुपटीने अधिक येत असेल तर पुतळ्याच्या किमतीबद्दल बोलणी करण्याआधी त्याच्या फासळ्यांचा घेर पुन्हा मोजावा.