जीर्ण मज्जातंतुशूल : चालू आधुनिक औषधे आणि वैद्यांचे कर्तव्य

वातव्याधींच्या चिकित्सेत आयुर्वेदावर समाजाचा मोठा विश्वास आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे तळपायांची आग व मुंग्या सोसणारा मधुमेही, नागीण बरी होऊनही त्या जागी जळजळ उरलेला वृद्ध, चेहऱ्यात विजेसारखी कळ येणारी स्त्री असे रुग्ण अखेरीस आपल्या दारी येतात. येताना बहुतेकांजवळ गोळ्यांची पाकिटे असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "वैद्यराज, या गोळ्या आता बंद करू ना?" या प्रश्नाला घाईने दिलेला होकार रुग्णास किती महाग पडू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

औषधांचे स्वरूप

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी नेहमीची वेदनाशामके शोथजन्य वेदनेवर उपयुक्त असली, तरी मज्जातंतूच विकृत झाल्याने उत्पन्न होणाऱ्या वेदनेवर त्यांचा फारसा प्रभाव पडत नाही. मधुमेहींच्या वृक्कांस मात्र ती अपाय करू शकतात. म्हणून येथे मूलतः अपस्मार व नैराश्य यांसाठी आलेली औषधे योजली जातात. चेहऱ्याच्या तीव्र मज्जातंतुशूलात कार्बामाझेपिन १९६० च्या दशकापासून वापरात आहे. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी गॅबापेंटिनला अमेरिकेत २००२ मध्ये, तर मधुमेहजन्य वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन व प्रिगॅबालिन यांना २००४ मध्ये मान्यता मिळाली. अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिनही प्रचलित आहे. ही औषधे मज्जातंतूंची अतिउत्तेजना शमवितात. त्यांची मात्रा क्रमाक्रमाने वाढवावी लागते आणि गुण दिसण्यास काही आठवडे लागू शकतात.

अकस्मात त्याग नको

जी मात्रा पायरीपायरीने चढविली, ती पायरीपायरीनेच उतरवावयास हवी. प्रिगॅबालिन किमान एका आठवड्यात, आणि दीर्घकाळ घेतलेले असल्यास त्याहूनही सावकाश कमी करावे लागते. एकाएकी बंद केल्यास अनिद्रा, मळमळ, घाम, अस्वस्थता ही लक्षणे उद्भवतात. क्वचित झटकेही येतात. याच वेळी विषतिंदुक वटी सुरू केल्यास धोका वाढतो, कारण कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य झटक्यांस प्रवृत्त करणारे आहे. एका बाजूने लगाम सोडावा आणि दुसऱ्या बाजूने चाबूक ओढावा, तसे हे होते. आपली चिकित्सा स्थिरावून वेदना उतरू लागल्यावर, मूळ औषध देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच मात्रा घटवावी. एक अपवाद मात्र ध्यानी ठेवावा : कार्बामाझेपिन घेणाऱ्यास ज्वरासह अंगावर पुरळ अथवा तोंडात फोड आल्यास ते औषध त्वरित थांबवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

संयोगाचे भान

प्रिगॅबालिनने पायांवर सूज येऊ शकते व वजन वाढू शकते. तिला नवा शोथव्याधी समजून चिकित्सा करू नये. या औषधांबरोबर सर्पगंधा, तगर, जटामांसी दिल्यास ग्लानी वाढून वृद्ध रुग्ण पडण्याची भीती असते. ॲमिट्रिप्टिलिनने मुखशोष, मलावरोध व मूत्रावरोध होतो. धत्तूरयुक्त कनकासवाने हीच लक्षणे बळावतात. कार्बामाझेपिनने रक्तातील सोडियम घटू शकते, म्हणून अशा रुग्णात वमन-विरेचनाचा निर्णय विशेष सावधपणे घ्यावा. वृक्कविकारात गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन यांची मात्रा कमी ठेवावी लागते, हेही विसरू नये.

स्वेदनाचा मोह सर्वांत मोठा असतो. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात मधुमेही अस्वेद्य सांगितला आहे, त्याचे मर्म येथे उमगते. ज्या पायाला आग जाणवते, त्याच पायाला उष्णतेची खरी संवेदना उरलेली नसते. त्यामुळे पोटलीने भाजले तरी रुग्णास कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून संवेदना तपासल्याशिवाय पायांस शेक देऊ नये. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता होऊन अशीच लक्षणे दिसतात. तीही तपासून घ्यावी.

औषधविक्रेत्यांस विनंती

प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन ही औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. त्यांची सवय जडते व दुरुपयोगही होतो. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त अम्लनाशक घेतल्यावर गॅबापेंटिन किमान दोन तासांनी घ्यावे, ही सूचना आवर्जून द्यावी. कुचला, वत्सनाभ ही द्रव्ये औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती केवळ छापण्यापुरती नाही.

धातुक्षय व मार्गावरण ही वातप्रकोपाची दोन कारणे शोधून केलेली चिकित्सा हे आपले बलस्थान होय. परंतु रुग्णाच्या हाती आधीच काय आहे, हे जाणून घेणे हाही रोगीपरीक्षेचाच भाग आहे. प्रत्येक रुग्णपत्रिकेत चालू औषधांचे नाव, मात्रा व कालावधी यांची नोंद करण्याचा परिपाठ आपण ठेवला, तर "बंद करू ना?" या प्रश्नाचे उत्तर आपण निःशंकपणे व सुरक्षितपणे देऊ शकू.